चांगला रुग्ण कोणास म्हणावे?



ज्यांच्या घरात लहान मुले आहेत आणि ज्यांच्या हातात नुकताच तपासणीचा एक कागद पडला आहे, अशा आईबापांसाठी आजचा पाठ आहे. लघवीतून प्रथिने जात आहेत, असे त्या कागदावर लिहिलेले असते. डॉक्टर सांगतात की मूत्रपिंडाचा आजार आहे, पण सुरुवातीचा आहे. यातला ‘सुरुवातीचा’ हा शब्द कानावर पडतो, पण आत शिरत नाही. आत शिरतो तो ‘किडनी’ हा एकच शब्द. त्याच्या मागोमाग डायालिसिसचे यंत्र, मोडलेले दागिने आणि आईबापावाचून राहिलेली पोरे, अशी सारी रांग डोळ्यांपुढे उभी राहते.

ही ऐकीव माहिती नाही. मी पुण्यात शाळेत शिकविते. वय चौतीस. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मुलगी दुसरीत आहे, मुलगा तीन वर्षांचा. त्याच्या वेळी शेवटच्या दोन महिन्यांत माझा रक्तदाब वाढला होता, पायांवर सूज होती. बाळंतपण झाले की सारे उतरेल, असे मला सांगण्यात आले. पुढेही तपासत राहा, असे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तीन वर्षांनी एका तपासणी शिबिरात रक्तदाब १५० वर ९६ भरला. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन १.१ आले. छापील कागदावर ते ‘नॉर्मल’च्या चौकटीत बसत होते, म्हणून एका दवाखान्यात मला ‘काही नाही’ म्हणून परत पाठविले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासावयास लावली. वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन यांवरून हिशेब मांडून त्या म्हणाल्या, “मूत्रपिंडांचं काम शंभरातलं साधारण सदुसष्ट चाललंय. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.” तीन महिन्यांनी आकडा तोच आला.

त्या रात्री मी वह्या तपासावयास बसले आणि एकही वही तपासली नाही. मुलगी दहावीला जाईल तेव्हा आपण कोठे असू, एवढा एकच हिशेब करीत राहिले. तुमच्यापैकी कोणी आज तोच हिशेब करीत बसले असेल, तर हा पाठ सावकाश वाचा.

कागद वाचावयास शिका

आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. चोवीस तासांत त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक शरीर परत घेते आणि लिटर-दीड लिटर लघवी होते. या गाळण्या झिजू लागल्या तरी उरलेल्या गाळण्या त्यांचे काम अंगावर घेतात. म्हणून दुखत नाही, खुपत नाही, माणूस कामाला जात राहतो. हा आजार मुका आहे, म्हणून तो कागदावरच वाचावा लागतो.

कागदावर दोन आकडे पाहावे. पहिला जी.एफ.आर., म्हणजे गाळण्याचा वेग. नव्वदच्या वर असून गाळणीस इजा झाल्याची दुसरी खूण असेल, तर पहिली पायरी. साठ ते एकोणनव्वद आणि इजेची खूण असेल, तर दुसरी. तीस ते एकोणसाठ ही तिसरी, पंधरा ते एकोणतीस ही चौथी आणि पंधराच्या खाली पाचवी. डायालिसिसचा किंवा प्रत्यारोपणाचा विचार साधारणपणे पाचव्या पायरीच्या आसपास येतो. नुसते क्रिएटिनिन पाहून फसू नका. अंगाने लहान असलेल्या बाईचे क्रिएटिनिन चौकटीत दिसते आणि गाळण्याचा वेग मात्र उतरलेला असतो. माझे तसेच झाले.

दुसरा आकडा लघवीतल्या आल्ब्युमिनचा. क्रिएटिनिनशी त्याचे प्रमाण काढतात. तीसच्या आत असेल तर चांगले. तीस ते तीनशे म्हणजे गाळणी गळू लागली आहे. तीनशेच्या वर म्हणजे लक्ष देऊन उपचार हवेत, मग पहिला आकडा कितीही बरा दिसो. ताप, लघवीचा संसर्ग किंवा मोठी दगदग असतानाही हा आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन महिने टिकलेला दोषच दीर्घ आजार समजला जातो. एका कागदावरून घाबरू नका, आणि एका कागदावरून निश्चिंतही होऊ नका.

सुरुवातीचा म्हणजे किरकोळ नव्हे, आणि सुरुवातीचा म्हणजे शेवटही नव्हे. झिजलेली गाळणी सहसा परत येत नाही, पण झीज मंदावता येते. वेळेवर सापडलेल्या कितीतरी माणसांवर पाचव्या पायरीची पाळी जन्मभर येत नाही. आपण फार उशिरा नव्हे, वेळेवर कळलेल्यांत आहोत, हे आधी स्वतःला समजावून सांगा.

हे माझ्याच वाट्याला का?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि आपल्या घरांत तो जुन्या वाटेने येतो. माझ्या सासूबाईंचे वडील २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा हजर होते. सासूबाई ही गोष्ट अभिमानाने सांगतात. त्याच सासूबाई माझा कागद पाहून आठ दिवसांनी मोरीपाशी हळूच म्हणाल्या, “एकदा नवस बोलून तर बघ गं. कुणाला सांगायचं नाही.” खोटे कशाला बोलू? मी लगेच ‘नाही’ म्हणू शकले नाही. अंगणात मुलगा खेळत होता. त्याच्याकडे पाहून मनात आले, एवढ्याने जाणार असेल तर काय बिघडले?

धम्मबांधवांनो, भीतीच्या वेळी जुनी वाट सोपी वाटते. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांची कसोटी जयंतीच्या मिरवणुकीत लागत नाही, ती अशा मोरीपाशी लागते. नवसाने देव कोपतो की नाही, हा येथे प्रश्नच नाही. नवस बोलला की मन म्हणते, आता आपले काम झाले, आणि गोळी राहून जाते. करणी समजून अंगारा लावला की तपासणीचा दिवस चुकतो. खरे नुकसान तेथे होते.

दुसरी वाट ‘मागच्या जन्मीच्या पापा’ची. राजगृहाच्या वेळुवनात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने भगवंतांना नेमके हेच विचारले होते. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते, असे काही जण म्हणतात. आपले मत काय? भगवंतांनी उत्तर दिले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काही दुःखे पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू बदलल्याने, काही देहाची नीट निगा न राखल्याने, काही आघाताने. सारे पूर्वकर्मावर टाकणारे लोक स्वतः जाणलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या गोष्टी ओलांडून बोलतात. कारणे देहात, ऋतूत आणि राहणीत शोधा, असा याचा अर्थ.

मग कारणे पाहू. मधुमेह आणि रक्तदाब ही या आजाराची दोन मोठी कारणे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपण जाणतोच. तो काही पापाचे फळ नव्हता. गरोदरपणात रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांना पुढे हा धोका अधिक असतो. मुतखडा, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, शरीराच्या संरक्षक शक्तीने स्वतःच्याच गाळणीवर केलेला हल्ला, घराण्यात चालत आलेला गाठींचा आजार आणि वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या हीही कारणे आहेत. आपले कारण कोणते, हे डॉक्टरांना विचारा. ते कळले की भावंडांची आणि मुलांची तपासणी हवी की नको, हेही कळते.

रुग्णाचे पाच गुण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून भगवंत म्हणाले की, तुमची येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांचे केले नाही तर कोण करील? याच ठिकाणी चांगल्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. ते आपल्या आजाराला एकेक करून लावून पाहू.

पहिला गुण : हितकारक तेच करणे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. डोके दुखले, कंबर दुखली की औषधाच्या दुकानातून दोन गोळ्या आणावयाच्या, ही आपल्या वस्त्यांतली सवय मूत्रपिंडांना महाग पडते. जडीबुटीचे काढे, भस्मे आणि ‘किडनी साफ करणारी’ चूर्णे यांपासून दूर राहा. त्यांत काही वेळा जड धातू असतात. तंबाखू, मिश्री, बिडी सोडा. आम्हा बायकांत मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, पण ते व्यसनच आहे. पाचवे शील दारूपुरतेच शिकवून आपण थांबतो. त्याचा हेतू देह आणि मन सावध ठेवणे हा आहे.

दुसरा गुण : हितकारक गोष्टीतही प्रमाण जाणणे. मध्यम मार्ग स्वयंपाकघरात येतो तो असा. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट एक चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे. यात भाजी, आमटी, पोळी, लोणचे सारे आले. चार माणसांच्या घरात महिन्याला सहाशे ग्रॅम ही वरची मर्यादा झाली, आणि लहान मुलांना त्याहून कमी लागते. तुमच्या घरी किलोची पिशवी किती दिवस पुरते, ते आजच पाहा. आमची पंचवीस दिवसांत संपत होती. पापड, लोणचे, फरसाण, खारवलेले सुकट-बोंबील यांतून मीठ न दिसता पोटात जाते. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नका, कारण त्यात पोटॅशियम असते.

उलट बाजूने अतिरेकही नको. शेजारीण सांगते म्हणून डाळ, फळे, दूध सारे बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. सुरुवातीच्या पायऱ्यांवर बहुधा तसे करावे लागत नाही. नेहमीचे वरण, उसळ, अंडे प्रमाणात चालते. ताकदीच्या पावडरी तेवढ्या नकोत. घागरभर पाणी पिऊन मूत्रपिंड ‘धुतले’ जात नाही. तहानेप्रमाणे पाणी प्यावे. मुतखडा असेल तर किती प्यावे, ते डॉक्टर सांगतील.

तिसरा गुण : औषध घेणे. रक्तदाब साधारण १३० वर ८० च्या आत ठेवणे हे मोठे काम. त्यासाठी बहुधा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारखी गोळी देतात. ती रक्तदाब उतरविते, शिवाय गाळणीतून होणारी प्रथिनांची गळतीही कमी करते. सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा तपासावे लागते, ते टाळू नका. अलीकडे डापाग्लिफ्लोझिनसारखी, मूळची मधुमेहाची, औषधेही मधुमेह नसलेल्या काही रुग्णांना झीज मंदावण्यासाठी देतात. ती आपल्याला हवी का, हे विचारा. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. बरे वाटणे ही या आजारात खूणच नव्हे. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्या दिवशी गोळी घ्यावी की थांबवावी, हे लगेच विचारा.

तरुण भगिनींनी एक गोष्ट कधी विसरू नये. वरची रक्तदाबाची गोळी पोटातल्या बाळाला अपाय करते. आणखी मूल हवे असेल तर ते दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलून देतात. पाळी चुकली तर त्याच दिवशी विचारा. लाजेने गप्प राहू नका.

चौथा गुण : आपले दुखणे जसे आहे तसे सेवा करणाऱ्याला सांगणे. वाढले तर वाढले, उतरले तर उतरले, तसेच असेल तर तसेच. येथे आम्ही शिकलेले लोक कमी पडतो. मी एक महिना नवऱ्यालाही आकडा सांगितला नाही. माझ्या पगारावर घराचे हप्ते चालतात. मी पडले तर काय, या भीतीने त्यांची झोप उडेल असे वाटले. प्रत्यक्षात माझे मौनच त्यांना जास्त घाबरवीत होते. एक वही करा. सकाळी चहापूर्वी पाच मिनिटे शांत बसून, पाय जमिनीवर टेकवून घेतलेला रक्तदाब तारखेसह लिहा. प्रत्येक रिपोर्ट त्याच वहीत लावा. डॉक्टरांपुढे जाताना वही न्या आणि तीन प्रश्न लिहून न्या. डॉक्टरांपुढे आपली जीभ अडखळते. पिढ्यान्पिढ्या साहेबापुढे मान खाली घालण्याची ती सवय आहे. लिहिलेला प्रश्न अडखळत नाही.

पाचवा गुण : सहन करणे. भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. देहाला लागतो तो पहिला बाण. त्यावर शोक करीत, स्वतःला दोष देत बसणे हा दुसरा, आणि तो आपणच मारून घेतो. सुरुवातीच्या पायरीवर पहिला बाण जवळजवळ दुखतच नाही. आमचे सारे रडणे दुसऱ्या बाणाचे होते. शेवटची पायरी आलेलीही माणसे उभी राहिली आहेत. १९७५ साली आणीबाणीच्या कैदेत जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. त्या काळात डायालिसिस दुर्मीळ होते. त्यावर राहून त्यांनी १९७७ ची निवडणूक घडविली आणि ऑक्टोबर १९७९ पर्यंत ते जगले. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायालिसिसचा समावेश आहे. पुण्यात ससूनसारखे सरकारी रुग्णालय आहे. जन औषधी केंद्रांत रक्तदाबाच्या गोळ्या स्वस्तात मिळतात. शेवटच्या पायरीसाठी आज दागिने मोडावयाचे नाहीत. आज खर्च आहे तो तपासण्यांचा आणि महिन्याच्या गोळ्यांचा.

मुलांना काय सांगावे?

भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता फार आजारी पडला. तेव्हा नकुलमाता त्याच्या उशाशी बसून म्हणाली की, काळजी घेऊन मरू नका. मी गेल्यावर हिला मुले सांभाळता येणार नाहीत, घर चालविता येणार नाही, असे मनात आणू नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते. मी मुलांचे करीन. काळजी उतरली आणि पुढे नकुलपित्याचा आजारही उतरला, काठी टेकीत तो भगवंतांच्या भेटीला गेला. तिने ‘तुम्हाला काही होणार नाही’ असे खोटे सांगितले नाही, हे ध्यानात घ्या. तिने भीतीचे नाव घेतले आणि तिला उत्तर दिले.

एका रविवारी माझ्या पतींनी वही पुढे घेऊन हेच केले. पगार किती, हप्ता किती, विमा कोठला, मी आठ दिवस आजारी पडले तर मुलांना शाळेतून कोण आणील, सारे एका पानावर मांडले. पान भरले आणि माझी छाती हलकी झाली. तुम्हीही नवराबायको मिळून हे पान लिहा.

मुलांपासून लपवू नका. त्यांना आपल्या आवाजावरून कळते. वयाप्रमाणे सांगा. मी मुलीला सांगितले, “माझ्या पोटातली गाळणी थोडी दमलीये. तिला जपायला मी रोज गोळी घेते.” तिने विचारले, “चहाच्या गाळणीसारखी?” मी म्हटले, “हो, तशीच.” मग ती म्हणाली, “तू मरशील का?” हा प्रश्न येतो, त्यासाठी तयार असा. मी म्हणाले, “माणूस कधीतरी जातो, हे खरं. पण या दुखण्यानं मी आत्ता कुठे जात नाही. तुझी दहावी बघायचीये मला.” ती खेळावयास गेली. तेव्हापासून सकाळी गोळीची आठवण तीच करते. तेवढेच करू द्यावे; मुलांवर याहून मोठे ओझे टाकू नये.

सासूबाईंचेही सांगते. मी त्यांना वही वाचून दाखविली आणि म्हटले, “आई, नवस नको. तुम्ही आमटीत मीठ कमी घाला, तेवढाच माझा नवस.” त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ताटातली मिठाची वाटी गेली. आता सर्वांची आमटी एकाच पातेल्यातली असते. ठेच्यात लसूण वाढला आणि मीठ घटले. गेल्या तपासणीत माझे आल्ब्युमिन ४२० वरून १८० वर आले आणि जी.एफ.आर. होता तेथेच आहे. पुढे काय होईल, ते वेळोवेळी कागद सांगेल. मी आता तो वाचू शकते.

विहाराने काय करावे?

रुग्णाकडे न फिरकणाऱ्या भिक्खूंसारखे आपण होऊ नये. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास रक्तदाब मोजण्याचे यंत्र विहारात ठेवावे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा लघवी आणि रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणी ज्यांचा रक्तदाब वाढला होता त्या बहिणींनीही. पौर्णिमेच्या भोजनात पापड-लोणचे ठेवले नाही तर धम्माला काही उणेपणा येत नाही. कोणाच्या आजाराची वार्ता लग्न जमविताना कुजबुजीसाठी वापरू नये. त्या भीतीनेच तरुण मुली दुखणे लपवितात आणि उशीर होतो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या घरात मिठाची पिशवी किती दिवसांत संपते? माणशी हिशेब करा.
२. रुग्णाच्या पाच गुणांपैकी आपल्यात कोणता कमी आहे? तो का कमी आहे?
३. मोलियसीवकाला दिलेले उत्तर आपल्या शब्दांत घरातील वडीलधाऱ्यांना कसे समजावाल?
४. नकुलमातेप्रमाणे आपल्या जोडीदाराची कोणती काळजी आज नाव घेऊन दूर करता येईल?
५. आपल्या आईवडिलांचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला? आठवत नसेल, तर या रविवारी मोजा.

जय भीम.